हॅम्बर्ग ते व्हिएन्ना, नऊ महिने: रात्रीची गाडी की विमान?

नऊ महिन्यांपूर्वी नवऱ्याची नोकरी व्हिएन्नाला गेली, माझी हॅम्बर्गलाच राहिली. तेव्हापासून महिन्यातून दोनदा शुक्रवारी तिकडे आणि रविवारी परत. जाणं आणि येणं वेगळं मोजलं तर आजवर रात्रीच्या गाडीने 22 प्रवास झाले, विमानाने 14. इथे नव्याने आलेली मराठी मंडळी "कशाने जावं?" असं विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीला मी फक्त तास मोजत होते. दोन शहरांमधलं हवाई अंतर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि विमान दीड तासात पोचतं. गाडीला तेरा तास लागतात. मग विचार कसला करायचा, असंच वाटायचं. पण शुक्रवारी दारापासून दारापर्यंतचा वेळ लिहून ठेवायला लागले, तेव्हा दीड तासाचे साडेपाच ते सहा झाले. विमानतळावर वेळेआधी पोचणं, तपासणीची रांग, गेटवर बसून राहणं, उतरल्यावर बॅग, मग पुन्हा लोकल. हॅम्बर्गच्या एस-1 लोकलचे ओल्सडॉर्फला दोन भाग होतात आणि फक्त पुढचे डबे विमानतळावर जातात. मागच्या डब्यात बसलात तर भलतीकडे पोचाल, एवढं लक्षात ठेवा. या सहा तासांत सलग असा एकही तास मिळत नाही. ना धड वाचन होतं, ना झोप.

तरीही शुक्रवारी विमान वेळेवर असेल तर मी रात्री अकराला घरी असते आणि गाडीने शनिवारी सकाळी नऊनंतर. तो फरक खरा आहे, नाकारत नाही. रविवारी मात्र गणित पूर्ण उलटतं. संध्याकाळचं विमान पकडायचं तर दुपारी चारलाच आवराआवर सुरू होते. जेवण झाल्यावर घरात एक उदासी येते, नवरा उगाच घड्याळ बघत राहतो. गाडी आठच्या सुमारास सुटते. म्हणजे सहाला गरम वरणभात खाऊन, भांडी घासून, चालत ट्रामपर्यंत जाऊन मी निघू शकते. महिन्यातून दोनदा मिळणारी ती जास्तीची तीन-चार तासांची दुपार मला कोणत्याही स्वस्त तिकिटापेक्षा मोलाची आहे. सोमवारी सकाळी नऊच्या आसपास हॅम्बर्गला उतरते आणि तिथून थेट ऑफिस. सोमवारची पहिली मीटिंग मी वरिष्ठांशी बोलून अकराला नेली. ते जमलं नसतं, तर हा अनुभव मी वेगळा लिहिला असता. सोमवारी सकाळी साडेनऊला न चुकवता येणारं काम असेल, तर रविवारी मी आजही विमानच घेते.

आता मुख्य मुद्दा: कुठे झोपायचं. या मार्गावर ऑस्ट्रियन रेल्वेची नाइटजेट धावते. डिसेंबर 2023 पासून तिला नवे सात डब्यांचे संच आहेत: दोन डबे बसायचे, तीन कुशेटचे, दोन स्लीपरचे (आपला स्लीपर क्लास नव्हे, स्वतंत्र केबिन). बसायच्या डब्यात मी एकदाच गेले, पैसे वाचवायला, आणि दुसरा पूर्ण दिवस डोकं जड घेऊन काढला. रात्रभर बसून जायचं असेल तर विमान घ्या, हे मी ठामपणे सांगते. कुशेट म्हणजे आपल्या टू-टियरसारखं, पण प्रत्येक कप्प्याला स्वतःचं दार. फक्त बायकांसाठीचा कप्पाही मागता येतो. एकटीने जाणार असाल तर बुकिंग करतानाच तो पर्याय निवडा.

मी बहुतेक वेळा कुशेटच्या डब्यातली मिनी केबिन घेते. एका माणसापुरती झोपायची पेटी, सरकतं दार, कार्डाने उघडणारं कुलूप, दिवा, छोटं टेबल, बाहेर सामानाचं कपाट. आत उभं राहता येत नाही, कपडे बदलायचे ते बसून किंवा आधीच स्वच्छतागृहात. माझी उंची पाच फूट दोन इंच, मला ती छान पुरते. सहा फुटांचा नवरा एकदा झोपला आणि पुढच्या वेळी त्याने स्लीपर मागितला. कोल्हापूर–मुंबई महालक्ष्मीत वाढलेल्या माझ्यासारखीला इथले बर्थ अरुंदच वाटतात, कारण आपल्याकडचे डबेच जास्त रुंद असतात.

झोप? पहिल्या दोन-तीन वेळा तुटक लागली. न्यूरेम्बर्गला गाडीचे दोन भाग सुटतात, एक इन्सब्रुकला जातो आणि एक व्हिएन्नाला. तेव्हा थोडी हालचाल जाणवते. आता कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी घेतली की सहा-सात तास मिळतात. सकाळी कुशेटवाल्यांना दोन पाव, लोणी, जॅम आणि चहा किंवा कॉफी. सेंट पोल्टननंतर तेरा किलोमीटरचा बोगदा लागतो. तो संपला की व्हिएन्ना आलंच. तोवर केस विंचरून तयार असावं.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एरवी आपसातल्या सीमेवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, असले तरी ऑस्ट्रियातून येताना जर्मन पोलीस सीमेवरच्या पासाउजवळ तपासणी करतात, तीही रात्री. पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं मूळ कार्ड उशाशी ठेवा, कपाटातल्या बॅगेत नको. झोपेत ते शोधताना माझी एकदा त्रेधा उडाली होती.

पैशांचं बोलायचं तर मिनी केबिनला मी 65 ते 115 युरो दिले, विमानाला बॅगेसह 90 ते 190. आठवड्यावर आलेलं बुकिंग दोन्हीकडे महाग पडतं. गाडी स्वस्त का नाही, याचा मला आधी राग यायचा. पण एक बर्थ रात्रीत एकदाच विकला जातो, डबा दिवसा बहुधा उभाच, शिवाय रुळांचं भाडं आणि रात्रपाळीची माणसं. युरोपात विमानाच्या इंधनावर मात्र कर नाही. म्हणूनच या गाड्या सहज बंद पडतात: जर्मन रेल्वेने 2016 च्या डिसेंबरात आपल्या स्लीपर गाड्या थांबवल्या, त्यातल्या काही ऑस्ट्रियन रेल्वेने घेतल्या आणि नाइटजेट हे नाव सुरू केलं. डिसेंबर 2025 मध्ये फ्रान्स सरकारचं अनुदान गेलं आणि पॅरिस–व्हिएन्ना गाडी बंद झाली. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. आपण वापरल्या नाहीत तर या गाड्या राहणार नाहीत.

सगळं गोड नाही. एका वेगळ्या मार्गावर, वेगळ्या कंपनीच्या गाडीत, बर्थचं तिकीट असताना प्लॅटफॉर्मवर कळलं की झोपायचा डबाच लागलेला नाही. रात्र बसून काढली, फरकाचे पैसे अर्ज केल्यावर सहा आठवड्यांनी आले. विमानाचंही एकदा शेवटच्या क्षणी रद्द होणं झालं. नियम माहीत असू द्या: रेल्वेला तासाभराचा उशीर झाला तर तिकिटाचे 25 टक्के, दोन तासांचा झाला तर 50 टक्के परत मिळतात. एवढ्या अंतराच्या विमानाला तीन तासांहून जास्त उशीर झाला तर 250 युरो. दोन्हीकडे कंपनीच्या हाताबाहेरची कारणं वगळली जातात, म्हणून उशिराचं कारण विचारून लिहून घ्या.

मार्चमध्ये सासूबाई आल्या होत्या. गुडघे दुखतात, म्हणून स्लीपरमधली दोघींची केबिन घेतली, त्यांना खालचा बर्थ. नव्या संचात केबिनमध्येच शौचालय आणि शॉवर आहे. सकाळी म्हणाल्या, "रात्री बाहेर जावं लागलं नाही, हे फार बरं झालं गं." त्यांच्या पिशवीत तुपाची आणि लोणच्याची बरणी होती. याआधी विमानतळाच्या तपासणीत 100 मिलिलिटरच्या नियमामुळे तुपाची एक बरणी मी तिथेच सोडून आले होते. या वेळी दोन्ही बरण्या व्हिएन्नाच्या फडताळात पोचल्या, आणि सासूबाईंनी परतीचंही तिकीट गाडीचंच काढायला सांगितलं.