किल्ट घालून चर्चला: कापड पास, स्पोरन नापास

किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुणीदार घागरा. माझ्या किल्टच्या पुढच्या सपाट भागावर (एप्रनवर), स्पोरन हा कमरेचा बटवा टेकतो नेमक्या त्याच जागी, लोकर पिंजून निघाली आहे. भोक पडलेलं नाही, पण वाटचाल तिकडेच आहे. पाचशे पौंडांच्या वर मोजून घेतलेल्या किल्टची वर्षही न उलटता ही गत झाली, म्हणून लिहायला बसलो. आठ यार्ड कापड, यार्डाला सोळा औंस वजन, हातशिलाई, आणि टार्टन, म्हणजे चौकटींची नक्षी, ब्लॅक वॉच नावाची.

आम्ही एडिनबऱ्याजवळ राहतो. ओळखीत लग्न निघालं की किल्ट भाड्याने आणायचा, सोमवारी परत करायचा आणि पैसे गेले म्हणून हळहळायचं, हे फार झालं होतं. शेवटी विकत घेतला. घेतल्यावर नुसता कपाटात टांगून ठेवणं जिवावर आलं. लग्नं काय दर महिन्याला नसतात, रविवार मात्र दर आठवड्याला येतो. म्हणून चर्च. भक्ती आहेच, पण किल्टमागचं कारण वसुली. पहिल्याच रविवारी बायकोने विचारलं, "आज वेशभूषा स्पर्धा आहे का?" तिचं अगदीच चूक नव्हतं. इथे नेहमीच्या उपासनेला किल्ट फारसं कुणी घालत नाही. लग्न, बाळाचा बाप्तिस्मा, 30 नोव्हेंबरच्या आसपासचा सेंट अँड्र्यूचा रविवार, बस्स. एरवी मंडळी स्वेटर आणि जीन्समध्ये.

आता बसण्याचं. दुकानात आरशासमोर उभं राहून किल्ट निवडतात, पण चर्चमध्ये तासभर लाकडी बाकावर बसायचं असतं. बसताना दोन्ही हात मागे नेऊन चुण्या खाली सारत बसावं लागतं, नाहीतर उठल्यावर मागचा सगळा भाग चुरगळलेला. आणि आपल्याकडे गीताला उठा, प्रार्थनेला बसा, वाचनाला बसा, पुन्हा गीताला उठा. दर वेळी तोच विधी. सवय व्हायला थोडा काळ लागतो, मग हात आपोआप जातात. सुदैवाने चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये सहसा गुडघे टेकत नाहीत. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला आमच्याकडे बाकावरच येतात, त्यामुळे उघड्या गुडघ्यांनी रांगेत जाण्याचा प्रश्न नाही.

आत काय घालतो, हे कृपया विचारू नका. घालतो.

वजनाबद्दल मी उन्हाळ्यात बरंच वाईट लिहून ठेवलं होतं. सोळा औंस म्हणजे घोंगडी कमरेला बांधण्याचा प्रकार, तेरा औंसात भागलं असतं, वगैरे. ते सगळं खोडतो आहे. जानेवारीत चर्चच्या पायऱ्यांवर जो वारा येतो, त्यात हलक्या कापडाची काय दशा होते ते शेजारच्या पाहुण्याकडे पाहून कळलं. जड चुण्या जागच्या हलत नाहीत. शिवाय मागे कापडाचे इतके थर असतात की थंड बाक जाणवत नाही. आमच्या चर्चमध्ये बाकांखालून गरम पाण्याचे जुने पाईप गेले आहेत. पॅन्टवाल्यांना त्यांचा उपयोग घोट्यापुरता. किल्टवाल्याला काय सुख असतं ते मी इथे लिहिणार नाही.

लोकांच्या प्रतिक्रिया? टार्टनवरून कुळ ओळखायची इथे रीत, पण माझ्या रंगावर कुणी काही बोललं नाही, कुळ कोणतं असंही नाही. ब्लॅक वॉच सरकारी टार्टन मानलं जातं, कुणीही घालावं. पण चर्चमधल्या एका निवृत्त फौजी आजोबांनी मला दारातच थांबवलं आणि किल्टची पिन काढून पुन्हा लावून दिली. पिन फक्त वरच्या पदरातून घालायची. दोन्ही पदर एकत्र टाचले तर बसताना कापड ओढलं जातं आणि टरकतं. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. दुकानदाराने बरंच सांगितलं नव्हतं.

अमेरिकेतला आतेभाऊ फोनवर मोठ्या कौतुकाने म्हणाला, "टार्टन चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याची तुमची केवढी जुनी प्रथा!" त्याच्याकडची गोष्ट अशी की किल्ट-टार्टनवरच्या सरकारी बंदीच्या काळात लोक टार्टनचा तुकडा कपड्यांत लपवून नेत आणि आशीर्वादाच्या वेळी हळूच त्याला हात लावत. बंदी खरी होती. 1746 चा कायदा, अंमल 1 ऑगस्ट 1747 पासून, पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार. फौजेला सूट. 1782 मध्ये कायदा रद्द झाला. पण टार्टनच्या आशीर्वादाचा विधी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला, पीटर मार्शल नावाच्या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या पाळकांमुळे. म्हणजे प्रथा आतेभावाच्याच देशातली. लपवलेल्या तुकड्यांची गोष्ट ऐकायला छान आहे, एवढंच.

आमचं घराणं जालन्याकडचं. तिथलं मिशन स्कॉटिश फ्री चर्चचं, ख्रिस्ती पाळक नारायण शेषाद्रींनी उभं केलेलं. ते 1873 साली न्यूयॉर्कच्या परिषदेला गेले होते, आणि त्यांची जी चित्रं मी पाहिली त्यांत डोक्याला पागोटं आहे. त्यामुळे स्कॉटलंडच्या देवळात जालन्याच्या माणसाने किल्ट घालणं आईला फारसं विचित्र वाटलं नाही. तिची चिंता एकच: "गुडघ्यांना वारं लागेल, तेल लावून जा."

असो. स्पोरन.

हा कमरेवरून पुढे लोंबणारा चामडी बटवा, कारण किल्टला खिसा नाही. माझा मोबाईल त्यात मावत नाही. किल्ल्या मावतात, पण चालताना खुळखुळतात. त्याचं झाकण धातूच्या बटणाचं. शांत प्रार्थनेच्या आधी अर्पणाची थाळी आली आणि मी नोट काढून झाकण लावलं की "टक्" असा आवाज थेट वेदीपर्यंत जातो. बसल्यावर साखळी बाकाच्या पाठीवर घासते, तो आवाज वेगळा. हे सगळं सोसलं. पण या बटव्याच्या मागच्या बाजूला कड्या आणि रिव्हेटची टोकं उघडी आहेत. प्रत्येक पावलाला ती एप्रनवर घासतात. मागे साखळी चुण्यांवर घासते. म्हणजे किल्टला दोन्हीकडून कानस.

दुकानात गेलो. उत्तर: "नैसर्गिक झीज." मी म्हटलं, बटवा तुमचाच, किल्ट तुमचाच, एकत्र संच म्हणून तुम्हीच विकलात, मग झीज नैसर्गिक कशी? मग मेल झाले, फोटो झाले. शेवटी त्यांनी उदार होऊन नव्या स्पोरनवर दहा टक्के सूट देऊ केली. नव्या स्पोरनची मागची बाजू पाहिली. तीच टोकं.

उपाय घरीच केला. बायकोच्या जुन्या पर्सचं मऊ चामडं कापून बटव्याच्या पाठीला चिकटवलं, साखळीच्या जागी चामड्याचा पट्टा लावला. चिकटपट्टी धरून खर्च किरकोळ. त्यानंतर झीज वाढलेली नाही. चालताना फरफरणारी एक शिवण आहे, पण ती मलाच ऐकू येते.

बाकी भराभर. मोज्यातली सुरी: चारचौघांत सुरी बाळगायला बंदी आहे, पण राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून 1995 च्या कायद्यात हिला सूट आहे, तरी मी रविवारी घरी ठेवतो, लहान मुलांच्या शाळेचा वर्ग माझ्याच रांगेत बसतो. कसर: लोकरीला लागतेच. किल्ट पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवायचा. आमच्याकडे तो मेथीच्या पराठ्यांशेजारी होता, वास आला नाही. कमरेचे पट्टे: ख्रिसमसनंतर एक भोक पुढे गेलं, त्याला किल्ट जबाबदार नाही.

किल्ट घ्यायचा असेल तर जड घ्या आणि लग्नाची वाट पाहू नका. लीड्सच्या मेव्हण्याने माझाच उसना मागितला आहे. देईन. स्पोरन त्याने स्वतःचा आणावा, आणि निघण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मला पाठवावा.