पहिली दहा दुकानं: जाहिरातीने आणावीत की दार ठोठावून?

ॲप तयार आहे. शॉपिफाय म्हणजे ऑनलाइन दुकानं ज्यावर चालतात तो प्लॅटफॉर्म; त्यांच्या ॲप तपासणाऱ्या टीमने दोनदा परत पाठवून शेवटी पास केलंय. त्यांच्या ॲप स्टोअरवर लिस्टिंग लाइव्ह आहे आणि इन्स्टॉल शून्य. म्हणजे तशी दोन दिसतात, पण एक आपलंच टेस्ट स्टोअर आणि दुसरं मित्राने भिडेखातर केलेलं. जे इथपर्यंत येऊन अडकलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. वेबसाइट बनवणं, ओळखीपाळखीत सांगणं हे तुमचं झालेलंच असणार, म्हणून ते सोडून देतो.

माझं ॲड-ऑन छोटं आहे. प्रॉडक्ट पेजवर ‘ही वस्तू अमुक तारखेपर्यंत मिळेल’ अशी एक पट्टी दाखवतं, बस. पहिले ग्राहक मिळवायला मी आधी काही आठवडे ॲप स्टोअरमधल्या जाहिराती चालवल्या आणि मग एकेका दुकानाला स्वतः मेल लिहिले. पहिल्यात पैसे गेले, दुसऱ्यात संध्याकाळी गेल्या.

जाहिरातीबद्दल आधी चांगलं बोलून घेतो, कारण तिच्यात खोट आहे असं माझं म्हणणं नाही. ॲप स्टोअरच्या सर्चमधली जाहिरात ज्याला दिसते, तो माणूस त्याच क्षणी तुमच्यासारखंच काहीतरी शोधत असतो. इतका तयारीतला गिऱ्हाईक दुसरीकडे कुठे पैसे देऊन मिळत नाही. पैसे क्लिकमागे जातात, नुसतं दिसल्याचे जात नाहीत. शिवाय २०२१ पासून पहिल्या १० लाख डॉलरच्या कमाईवर शॉपिफाय वाटा घेत नाही. आधी २० टक्के जायचे. त्यामुळे ‘वाचलेले पैसे जाहिरातीत टाकू’ हा हिशेब कागदावर छान बसतो. माझाही बसला होता. शून्य रिव्ह्यूवालं ॲप शोधत कुणी तिसऱ्या पानापर्यंत जात नाही, हेही खरंच आहे.

जाहिरात सुरू केली त्याच दिवशी पहिलं अनोळखी इन्स्टॉल आलं. खुर्चीतून उठून घरभर फिरलो. परत येऊन बसेपर्यंत दुसरी सूचना आलेली होती: अनइन्स्टॉल. मध्ये नऊ मिनिटं.

पुढच्या दिवसांत हेच चालू राहिलं. कुणी नऊ मिनिटं थांबलं, कुणी चार, एक जण रात्रभर राहिला म्हणून मी खूश झालो तर सकाळी तोही नाही. ही दुकानं गेली याचं मला फार वाईट वाटलं नाही, नव्या ॲपचं असंच होतं. डोक्यात गेली ती त्यांची शांतता. अनइन्स्टॉलचा वेबहुक (शॉपिफायकडून आपोआप येणारी सूचना) येतो त्या क्षणी तुमचं टोकन, म्हणजे त्या दुकानात शिरायची किल्ली, रद्द झालेलं असतं. त्या दुकानात आता डोकावता येत नाही. पट्टी दिसली की नाही, कुठे दिसली, दुकानाच्या थीमशी, म्हणजे पानांच्या मांडणीशी, भांडली का, काही म्हणजे काही कळत नाही. जाताना कारण विचारलं जातं, पण ते द्यायचं की नाही हे जाणाऱ्याच्या मर्जीवर, आणि माझ्या वाट्याला बहुतेक ‘इतर’च आलं. दुकानाचा ईमेल इन्स्टॉलच्या वेळी मिळालेला असतो, म्हणून मी नम्रपणे विचारून पाहिलं. एकानेही उत्तर दिलं नाही. आणि अनइन्स्टॉलनंतर ४८ तासांनी आणखी एक वेबहुक येतो: या दुकानाचा सगळा डेटा पुसून टाका. नियम रास्तच आहे, पण पैसे मोजून बोलावलेल्या पाहुण्याची आठवणसुद्धा ठेवायची नाही म्हटल्यावर चरफडायला होतं.

दर क्लिकला पैसे जात होते आणि त्या बदल्यात मला काहीही समजत नव्हतं. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. तुमच्याकडे बजेट मोठं असेल, तर कदाचित तुम्हाला हे एवढं बोचणार नाही.

मेलचा रस्ता याच्या अगदी उलट, म्हणजे सुरुवातीला नुसता अपमान. दुकान शॉपिफायवर आहे हे ओळखणं सोपं: पेजचा सोर्स उघडला की फोटोंचे पत्ते बहुधा शॉपिफायच्या सीडीएनवरचे (फोटो पुरवणाऱ्या सर्व्हरवरचे) सापडतात. दुकानाच्या पत्त्यापुढे ‘/products.json’ जोडलं की बहुतेक ठिकाणी मालाची यादीही दिसते, म्हणजे दुकान हौशी आहे की खरोखर चालतं याचा अंदाज येतो. पण मला खरा उपयोग झाला तो शिपिंग पॉलिसीच्या पानाचा. ते कुणी वाचत नाही, मी वाचायला लागलो. तिथे ‘३ ते १५ दिवस’ असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, या माणसाला रोज ‘माझी ऑर्डर कुठे आहे’ विचारणारे मेल येत असणार. मी त्यालाच लिहायचो. चार ओळी, आणि त्याच्याच दुकानातल्या एका वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट, त्यावर आमची पट्टी चिकटवलेली. एका मेलला अर्धा तास सहज जायचा.

बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने ‘माझा ईमेल कुठून मिळाला?’ एवढंच विचारलं. तुमच्याच संपर्काच्या पानावर आहे, असं कळवलं. (ठोक मेल पाठवायचा मोह होईल, तो आवरा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत. एसपीएफ किंवा डीकिम (मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग्ज) नसेल तर थोडे मेलही अडू शकतात, आणि दिवसाला ५,००० च्या वर गेलात तर दोन्ही हवेत, वर डीमार्क ही तशीच तिसरी सेटिंगही. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याला पोचल्या तर मेल पोचणंच अवघड होतं. युरोपातल्या दुकानांना लिहिण्याआधी तिथले नियम वेगळे बघा, ते देशागणिक बदलतात.)

तरी दहा-बारा जणांनी उत्तर दिलं, आणि त्यातल्या एका बाईंनी मला वाचवलं. त्यांचं लाकडी खेळण्यांचं दुकान. मेलमध्ये लिहिलं होतं, “टाकलंय, पण तुमची तारीख दिसत नाही.” मी ठामपणे कळवलं की दिसते. मग आम्ही स्क्रीन शेअर करून बसलो. लॅपटॉपवर पट्टी व्यवस्थित होती. त्या म्हणाल्या, “अहो, मी दुकान फोनवरच बघते.” फोन कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांच्या थीममध्ये ‘कार्टमध्ये टाका’चं बटण स्क्रीनच्या तळाशी चिकटून राहायचं, आणि आमची पट्टी बरोबर त्याच्यामागे दडलेली. स्क्रोल केलं की किंचित डोकवायची, पुन्हा गायब. त्याच बैठकीत दुसरं कळलं. सेटिंगमधला ‘प्रोसेसिंग टाइम’ त्यांनी पेमेंट प्रोसेस व्हायचा वेळ समजून शून्य ठेवला होता, आणि त्या तर आठवड्यातून दोनदाच माल पाठवत. म्हणजे जिथे तारीख दिसली असती, तिथेही ती चुकीचीच दिसली असती.

ते नऊ मिनिटांवाले याच कारणाने गेले असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण पट्टी वर सरकवली आणि त्या रकान्याचं नाव बदलून ‘ऑर्डर आल्यावर माल किती दिवसांनी बाहेर पडतो?’ असं केलं. त्यानंतर आलेली दुकानं टिकायला लागली. दोन्ही दुरुस्त्या मिळून एका दुपारचं काम होतं. जाहिरातीवर आणखी महिनाभर पैसे ओतले असते तरी ते मला सापडलं नसतं, असं मला वाटतं.

टिकण्याचा मुद्दा पुढेही आडवा येतो. ‘बिल्ट फॉर शॉपिफाय’ हा शॉपिफायने दर्जेदार ॲपना द्यायचा बिल्ला मिळवायचा तर पेड प्लॅनवरच्या दुकानांतली ५० निव्वळ इन्स्टॉल लागतात, आणि किमान ५ रिव्ह्यू. ‘निव्वळ’ म्हणजे आलेले वजा गेलेले. जाहिरातीतून आलेली वीस आणि त्यातली अठरा गेलेली असतील तर हाती दोनच. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत किंवा बक्षीस द्यायला मनाई आहे, त्यामुळे ते मागूनच मिळवावे लागतात. ज्यांच्याशी तासभर बोललोय त्यांना मागताना संकोच वाटला नाही. खेळण्यांच्या बाईंनी तर न मागता लिहिला, आणि त्यात माझी चूकही लिहिली.

तिसरा रस्ता म्हणजे दुसऱ्यांची दुकानं बांधून देणाऱ्या एजन्सी, तो मी फार चाललो नाही. शून्य रिव्ह्यूचं ॲप क्लायंटच्या दुकानात टाकून उद्या काही बिघडलं तर बोलणी त्यांना बसणार, म्हणून त्या ‘नंतर बघू’ म्हणतात. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

तुमचं ॲड-ऑन वूकॉमर्सचं (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवणाऱ्या प्लगइनचं) असेल तर निवड आणखी सोपी होते. वर्डप्रेसच्या मोफत प्लगइन यादीत तुम्हाला कुणी इन्स्टॉल केलं हे कळतच नाही. ‘१०+’ असा ढोबळ आकडा दिसतो, आणि परवानगीशिवाय वापरणाऱ्यांवर नजर ठेवायला तिथल्या नियमांत मनाई आहे. तिथे आधी माणसांशी बोलण्यावाचून मला तरी मार्ग दिसत नाही.

जाहिरात कुणाला चालेल? ज्याचं ॲड-ऑन थीमला हात लावत नाही, सेटिंग न करता चालतं आणि एका ओळीत समजतं, त्याला. अशा एका ओळखीच्याचं फक्त जाहिरातीवर बरं चाललंय, हेही सांगायला हवं.

मी स्वतः जाहिरात पूर्ण बंद केलेली नाही. आधी ‘अंदाजे डिलिव्हरी तारीख’ या अर्थाच्या शब्दांवर बोली लावायचो, म्हणजे ते शब्द कुणी शोधले की माझी जाहिरात दिसावी म्हणून क्लिकचा दर द्यायचो, कारण मी माझ्या ॲपला तसं म्हणायचो. मेलला उत्तर देणाऱ्यांपैकी एकानेही ते शब्द वापरले नव्हते. ते सगळे ‘ऑर्डर कधी येणार’ असंच काहीतरी लिहायचे. आता बोली फक्त त्या शब्दांवर आहे, रोजची मर्यादा अगदी थोडी ठेवलीय, आणि इन्स्टॉल झाल्यावर पहिल्याच स्क्रीनवर एक प्रश्न आहे: ‘दुकान फोनवर उघडून पाहिलंत का?’