'फोरम' आणि 'सिराक्यूज': आधी कोणतं?

प्लॉटसच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन प्रहसनांतून ब्रॉडवेची दोन गाजलेली संगीत नाटकं निघाली. १९३८चं 'द बॉइज फ्रॉम सिराक्यूज' आणि १९६२चं 'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम'. दोन्ही न्यूयॉर्कच्या अल्विन थिएटरात आली, दोन्हींचा दिग्दर्शकही एकच, जॉर्ज ॲबट. तरी चव अगदी वेगळी.

पोट धरून हसायचं असेल तर सरळ 'फोरम' घ्या. तीन घरं, एक रस्ता, एक दिवस. धाकट्या मालकाला शेजारच्या कोठीवरची फिलिया मिळवून दिली की स्यूडोलस या गुलामाला स्वातंत्र्य मिळणार. पण तिचा सौदा एका बढाईखोर सेनापतीशी आधीच झालेला. मग थापेवर थाप. शेवलव्ह आणि गेलबार्ट यांची संहिता इतकी घट्ट विणलेली आहे की पहिल्या अंकात सहज पडलेला शब्द शेवटी गाठ सोडवतो. स्टीफन सोंडहाइमची गाणी इथे धावपळीतला विसावा आहेत, पण विनोद त्यांनाही सुटलेला नाही. 'लव्हली' आधी प्रेमिकांच्या तोंडी येतं. पुढे हिस्टेरियम या दुसऱ्या, घाबरट गुलामाला बाईचा वेष चढवून मेलेल्या फिलियाचं सोंग घ्यायला लावतात, आणि त्याला धीर द्यायला स्यूडोलस तेच गाणं म्हणतो. तिथे नाट्यगृह कोसळतं.

नांदीची ताकद काय असते तेही इथे कळतं. पूर्वप्रयोगांत सुरुवातीला गोड प्रेमगीत होतं आणि प्रेक्षक थंड. नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सच्या सल्ल्याने त्या जागी 'कॉमेडी टुनाइट' आलं, आज धमाल आहे असं स्वच्छ सांगणारं, आणि नाटक उभं राहिलं. ब्रॉडवेवर ९६४ प्रयोग झाले.

'सिराक्यूज'ची जुळ्यांची गोष्ट शेक्सपिअरमार्गे आली आहे. 'अंगूर' पाहिलेल्यांना ती पाठच असेल, त्यामुळे कथानकात धक्का कमी. पण रॉजर्स आणि हार्टची गाणी! 'फॉलिंग इन लव्ह विथ लव्ह'मध्ये सुरेल वॉल्ट्झवर एक दुखावलेली बायको प्रेमालाच बोल लावते. तिघी बायकांचं 'सिंग फॉर युअर सपर' तर पुन्हा पुन्हा ऐकावं. उलट 'फोरम'मधल्या बायका बहुतेक कोठीवरच्या शोभेच्या बाहुल्या. आज ते खटकतं, आणि खटकायलाच हवं.

मी आधी 'फोरम'च सुचवेन, पण शक्यतो रंगमंचावर. १९६६च्या चित्रपटात ब्रॉडवेवरचा मूळ स्यूडोलस झीरो मोस्टेल त्याच भूमिकेत आहे, मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटनही आहे, पण निम्म्याहून जास्त गाणी कापली आहेत. 'सिराक्यूज'च्या १९४०च्या चित्रपटातही गाण्यांवर अशीच कात्री चालली. त्याच्यासाठी १९६३च्या पुनरुज्जीवनाचं ध्वनिमुद्रण शोधा.