मटण-चिकनचा थर्मामीटर: दिवाळी ते आखाड

दिवाळीनंतर साडेचारशे रुपयांना सुईसारख्या टोकाचा हा डिजिटल थर्मामीटर घेतला. मुलाच्या वाढदिवसाला घरच्या ओव्हनमध्ये तंदुरी केली होती. वरून छान डाग पडले, मसाल्याचा खमंग वास सुटला, म्हणून बाहेर काढली. मुलानं तंगडी मोडली तर सांध्यापाशी मांस कच्चं, चकाकणारं. पाहुण्यांच्या ताटातले पीस परत उचलताना झालेली घालमेल अजून विसरले नाही.

थर्मामीटर घरी आल्या आल्या तपासून बघितला. ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून टोक बुडवलं, ०.२ आलं. उकळत्या पाण्यात मात्र ९७.४ च्या वर सरकेना. परत पाठवायलाच निघाले होते. मग लक्षात आलं, आपलं सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे आणि एवढ्या उंचीवर पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ ला. त्यामुळे आपल्याकडच्यांनी बर्फाची चाचणीच खरी धरावी.

चिकनसाठी ७४ अंश, हा आकडा पाठ झालाय. टोक सगळ्यात जाड भागात घालायचं, हाडाला टेकू द्यायचं नाही. हाडाला टेकलं की आकडा फसवतो. छातीचे पीस मी पूर्वी भीतीपोटी इतके भाजायचे की घशाखाली उतरायचे नाहीत. आता ७४ ला काढते, रसरशीत राहतात. तंगडी मात्र ८० च्या पुढे नेते, तिथले चिवट धागे तेव्हा कुठे सुटतात. एकदा ८२ आलं तरी हाडाजवळ गुलाबी दिसत होतं. ब्रॉयलरची कोंबडी कोवळी असते, तिच्या मज्जेतला रंग हाडातून बाहेर झिरपतो, तो कच्चेपणा नव्हे. उलट मांस पांढरं दिसतंय म्हणजे शिजलंच, असंही नसतं.

मटणानं मला वेगळंच शिकवलं. पातेल्यात सुकं करत होते, फोडीत ७८ आलं. मी म्हटलं, "आई, झालं." सासूबाईंनी एक फोड चमच्यानं दाबली. "आकडा घेऊन काय करू? दातानं तुटंना की!" त्यांचंच बरोबर होतं. ७८ ला मटण खायला सुरक्षित होतं, पण मऊ झालं नव्हतं. बोकडाच्या मांसातले चिवट पडदे विरघळायला नव्वदीच्या आसपासची उष्णता बराच वेळ लागते. त्यामुळे रश्शाच्या मटणाला हे यंत्र लावतच नाही. कुकरमध्ये तापमान ११५-१२० पर्यंत जातं, तिथे शिट्ट्या आणि सासूबाईंचा चमचा पुरेसा आहे.

खिम्याला ७१ बघते. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. घरच्या कबाबांना म्हणूनच हे यंत्र हवं.

सगळ्यात मोठा बदल मात्र उरलेल्या रश्शात झाला. आखाडात पाहुणे जेवून गेले की पातेलं ओट्यावर झाकून ठेवायचं आणि सकाळी उकळी आणायची, ही आमच्याकडची पद्धत. एका रात्री मापलं: साडेअकराला ५४, सकाळी ३०. म्हणजे रात्रभर रस्सा जंतू वाढायला सोयीच्या उबेतच होता. काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे कवचातलं त्यांचं झोपलेलं रूप, पहिल्या शिजवण्यातही तग धरतात आणि अशा उबेत वाढतात. काहींचं विष उकळूनही जात नाही. आता जेवणं झाली की रस्सा उथळ डब्यांत काढते आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकते. ऐन उन्हाळ्यात तर तासाभरातच. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, पण आता डबे त्याच काढून ठेवतात.

तक्रारी दोन. आकडा स्थिर व्हायला सात-आठ सेकंद लागतात, तेवढ्यात गरम ओव्हनपाशी हात भाजतो. आणि सेलच्या झाकणातून पाणी आत जातं; चौथ्या महिन्यात बंदच पडला होता, दोन दिवस उन्हात वाळवल्यावर चालू झाला. कच्च्या मांसात घातलेलं टोक दर वेळी साबणाच्या गरम पाण्यानं धुवावंच लागतं, तेव्हा नळाखाली धरू नका. टोक तेवढं वाटीत बुडवून धुवा.

तंदुरी, कबाब, अख्खी कोंबडी घरी भाजत असाल तर नक्की घ्या. फक्त रस्सा-भाकरीचं घर असेल तर एवढे पैसे घालायची गरज नाही. श्रावण लागला की आमचा थर्मामीटर सेल काढून डब्यात जाईल.