पिकअपच्या डॅशबोर्डवरचं स्विच पॅनल : दहा महिन्यांनंतर

हे माझं दुसरं पॅनल. पहिल्याबद्दल आधी लिहितो, कारण दुसरं कसं हवं ते त्यानेच शिकवलं.

गाडी जुनी पिकअप. रत्नागिरीजवळ पावसच्या बाजूला आमची आंब्याची कलमं आहेत. एप्रिल-मेमध्ये पेट्या घेऊन वाशीला फेऱ्या, एरवी चिरे, खत, भाद्रपदात वाडीतले गणपती. पुढे धुक्यासाठी दोन पिवळे दिवे, म्हणजे फॉग, हौद्यात एक दिवा, मागे माल चढवताना लागणारा एक मोठा दिवा, असं एकेक वाढत गेलं आणि प्रत्येकाचा स्विच स्टिअरिंगखाली कुठेतरी लोंबकळत राहिला. गुडघा लागला की फॉग चालू.

म्हणून गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ऑनलाईन आठ बटणांचं टच पॅनल मागवलं. ४२०० रुपये. दिसायला फक्कड. पण बटणं म्हणजे काचेवरची चित्रं, बोटाला काहीच कळत नाही. फॉग लावायचा तर रस्त्यावरची नजर काढून खाली बघायचं. त्यात सगळी चित्रं निळी. गाडीत निळा म्हणजे अप्पर (हेडलाईटचा लांबचा झोत), पुढच्या फॉगचं चिन्ह हिरवं, मागच्याचं पिवळसर, ही सवय डोळ्यांत मुरलेली असते. रात्री त्या निळ्या उजेडाची पडछाया पुढच्या काचेवर पडायची. मी शेवटी त्यावर रुमाल टाकून गाडी चालवत होतो.

खरी गंमत अनंत चतुर्दशीनंतर झाली. रात्री काच बोटभर उघडी राहिली आणि पावसाची झड आत आली. अडीच वाजता अंगण लख्ख उजळलं. आईला वाटलं बागेत कोण शिरलं, मी काठी घेऊन बाहेर. बघतो तर गाडीत कोणी नाही, मागचा दिवा आपला चालू-बंद, चालू-बंद. काचेवरच्या थेंबांना ते पॅनल बोट समजत होतं. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर, "सर, ओलावा लागला असणार." रत्नागिरीत सप्टेंबरात ओलावा लागू नये म्हणजे गाडी देवघरात ठेवायची काय?

दिवाळीनंतर ते काढलं आणि मिरकरवाड्याला बोटींची वायरिंग करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी माझ्या जुन्या वायरी हातात घेऊन नुसती मान हलवली. "मीठ हवेतनं येतं रे, तुझ्या गाडीला काय विचारून येतंय?" बोटीला ते कथील चढवलेली तांब्याची तार वापरतात. आपल्या पातेल्यांची कल्हई तीच ही. साधी तांब्याची तार खाऱ्या हवेत टोकापासून हिरवी पडत आत जाते, ही पुष्कळ टिकते. मीटरमागे पैसे जास्त जातात, पण एका गाडीला लागते किती?

स्विच साधे रॉकर, म्हणजे खाली-वर डुलणारे घेतले, बोटीवर असतात तसे, मागून रबरी सील असलेले. एकूण पाच, सहावी जागा झाकण लावून मोकळी. पट्टी मात्र सुताराकडून फणसाच्या लाकडाची करून घेतली. हौस! या स्विचला साधारण ३७ बाय २१ मिलिमीटरची खाच लागते आणि त्याच्या क्लिपा पातळ पत्र्यालाच नीट पकडतात. बारा मिलिमीटरच्या फळीत ते बसणार कसे? सुतारदादांनी पाठीमागून खाचेभोवतीचं लाकूड पटाशीने तीन मिलिमीटरपर्यंत उतरवलं. जूनपर्यंत झकास. जुलैत लाकूड फुगलं आणि दोन स्विच खाचेत इतके आवळले की दाबला तर वर येईना. शेवटी ॲल्युमिनियमची पट्टी कापून स्विच तिच्यात बसवले आणि फणस वरून नुसता शोभेला ठेवला. कोणी करणार असेल तर सुरुवातच ॲल्युमिनियमने करा.

आता आतली गोष्ट. माझ्या पहिल्या मेकॅनिकने फॉगचा सगळा करंट स्विचमधूनच फिरवला होता, ना रिले ना फ्यूज. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. तो स्विच अर्ध्या तासात हाताला चटका देई. विहिरीच्या पंपाचं हिरवं बटण आपण बोटाने दाबतो, पण मोटरचा भार उचलतो तो स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर. गाडीत ते काम रिलेचं. त्याच्या ८५ आणि ८६ या पिनांवर स्विचमधून येणारा जेमतेम करंट, आणि ३० ते ८७ मधून बॅटरीचा खरा भार. फॉगला १५ अँपिअरचा निळा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरात. वायर मध्ये कुठे घासली तर फ्यूज जावा, गाडी नव्हे.

फॉगच्या रिलेला चालना पार्किंग लाईटवरून दिली आहे, त्यामुळे ते बंद केले की फॉगही जातात. मागचा दिवा मात्र थेट बॅटरीवर, कारण पेट्या भरताना इंजिन बंद असतं. तो १८ वॅटचा एलईडी, दीड अँपिअर. मेमध्ये एकदा रात्रभर चालू राहिला, तरी सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठली. जुन्या हॅलोजनवर धक्का मारावा लागला असता.

मला सगळ्यात जास्त समाधान देतो तो तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका. फॉगच्या स्विचवर एम-सीलचा एक ठिपका लावून ठेवलाय. डावा हात गिअरवरून पुढे सरकला की बोटाला तो लागतो, खाली बघावं लागत नाही. मागच्या दिव्याचा स्विच मुद्दाम दुसऱ्या टोकाला, म्हणजे चालत्या गाडीत चुकून लागायला नको. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो गेला तर काय होईल ते सांगायला नको.

तरी जुलैत फजिती झालीच. कोल्हापूरला जाताना आंबा घाटात धुकं, फॉग लावले तर मिणमिणते. आणि इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर फॉगही मिचकायचे. साखरप्यापासून वरपर्यंत शिव्या कोणाला द्याव्या तेच कळेना. रिले बदलून पाहिला, फ्यूज पाहिला, सगळं ठीक. घरी आल्यावर चाचांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी गाडी न बघताच विचारलं, "अर्थिंग जुनंच ठेवलंस ना?" म्हणजे दिव्यातून करंट गाडीच्या पत्र्याकडे परत नेणारी वायर. ठेवलं होतं. एवढी एकच वायर मी कंटाळा करून बदलली नव्हती. इंडिकेटरचं अर्थिंगही तिच्यावरच होतं. टेप सोडली तर आत हिरवी पूड आणि शाबूत तारा चार. बाकीच्या बोटांत चुरल्या. लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, नवी कल्हईची वायर, सांध्यावर गोंदवाली स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), वर ग्रीस. तेव्हापासून तक्रार नाही.

खर्च सगळा मिळून टच पॅनलपेक्षा शेपाचशे रुपये जास्त, त्यात चाचांनी मजुरी जवळजवळ घेतलीच नाही. त्यांना मेमध्ये दोन पेट्या पोचल्या, तो हिशेब वेगळा. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या वायरिंगला चिरा देऊ नका, नंतर इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही बिघाडाला तेच कारण पुढे करतात. आणि पॅनलवर जागा उरली म्हणून सुरेल हॉर्न लावू नका, वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला नियमात परवानगी नाही आणि हातखंब्याला पोलीस उभे असतात.

सहावी जागा अजून मोकळीच आहे. बाबांना तिथे केबिनच्या पंख्याचा स्विच हवाय. तूर्तास पुतण्या गाडीत बसला की त्या झाकणावरच बोट आपटून तोंडाने हॉर्न वाजवतो.