पहाटे साडेपाचची पेसर्स: छोट्या शहराच्या टीममागे अख्खा सीझन काढल्यानंतरचा अनुभव

ऑक्टोबर २०२४ ला एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, पूर्ण सीझनचा पास घेतला तो फक्त इंडियाना पेसर्ससाठी. लेकर्स नि वॉरियर्ससारख्या मोठ्या शहरांच्या टीमचे क्लिप काही न करता फोनवर येत राहतात, पेसर्सची अख्खी मॅच बघायची तर पैसे भरावे लागतात. तो २०२४-२५ चा सीझन संपला, फायनलची सातवी, म्हणजे शेवटची मॅचही बघून झाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

पेसर्सच का, असं सगळे विचारतात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या भारतातल्या पहिल्या मॅच झाल्या, पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. दुसऱ्या दिवशी मी दादाबरोबर गेलो होतो, पेसर्सनी १३०-१०६ नी मारली. दोन्ही टीम छोट्या शहरांच्या आहेत आणि तिकडे त्याला 'स्मॉल मार्केट' म्हणतात हे तेव्हा ठाऊकही नव्हतं. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, पण माझं मन बसलं ते पेसर्सवर.

आधी पासबद्दल. चित्र स्वच्छ, रिप्ले लगेच मिळतो, वेळेचं मात्र तुमचं तुम्ही बघा. इंडियानापोलिसची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला, आणि मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेली की साडेचारला. ज्या ॲपवर बघतो त्यात मी आवडती टीम म्हणून पेसर्स टाकलीय तरी 'आजची मोठी मॅच' म्हणून येणारं नोटिफिकेशन बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं. कस्टमर केअरला दोनदा लिहिलं, काही फरक नाही.

ही तक्रार बारीक वाटेल, पण वरपासून खालपर्यंत हेच आहे. नाताळ म्हणजे लीगचा सगळ्यात मानाचा दिवस, पाचच मॅच असतात. मे २०२४ मध्ये पेसर्सनी न्यूयॉर्क निक्सला त्यांच्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्लेऑफच्या (सीझननंतरची बाद फेरी, सिरीजमध्ये आधी चार मॅच जिंकेल तो पुढे) सातव्या मॅचला १३०-१०९ हरवून बाहेर काढलं होतं. आणि त्या डिसेंबरच्या नाताळात निक्सला घरची मॅच, पेसर्सचं नावच नाही. ओक्लाहोमा सिटी आदल्या सीझनला वेस्टमध्ये, म्हणजे लीगच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात, पहिली आलेली, तीही नाही. वॉरियर्सना सॅक्रामेंटोने प्ले-इनमध्येच (प्लेऑफमध्ये शिरण्यासाठीची मॅच) घरी पाठवलं होतं, प्लेऑफसुद्धा खेळले नव्हते, ते मात्र लेकर्सबरोबर होते. मला याचा खरंच राग आला आणि अजून आहे.

आता रेफ्रींचं. त्याच निक्सविरुद्धच्या सिरीजमध्ये पहिल्या दोन मॅचनंतर पेसर्सनी रेफ्रींचे ७८ निर्णय चुकीचे म्हणून लीगकडे पाठवले आणि कोच रिक कार्लाइल उघड बोलले की छोट्या मार्केटच्या टीमनाही समान संधी मिळायला हवी. त्यांना ३५,००० डॉलर दंड झाला. पहिल्या मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला चेंडूला पाय लागला म्हणून वाजवलेली शिट्टी चूक होती हे तर खुद्द रेफ्रींनी मॅचनंतर मान्य केलं. त्यामुळे मी सीझन सुरू केला तो हाच संशय घेऊन, वहीत लिहायचो कुठली शिट्टी आपल्याविरुद्ध गेली. दीड महिन्यात वही बंद केली. ज्यावर चिडलो त्यातल्या बऱ्याच शिट्ट्या रिप्लेमध्ये बरोबर निघाल्या, आणि फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) मिळवण्यावरून सगळ्यात जास्त टीका ऐकतो तो शे गिल्जस-अलेक्झांडर ओक्लाहोमाचाच, म्हणजे छोट्याच शहराचा. स्टारला शिट्टी मिळते, शहर कुठलंही असो, असं माझं मत झालंय. सॅक्रामेंटोवाल्यांना हे सांगायची माझी हिंमत नाही, २००२ च्या प्लेऑफमधली त्यांची लेकर्सविरुद्धची सहावी मॅच, एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो, ते कसं विसरतील.

मला खरा अन्याय दिसतो तो लक्ष देण्यात आणि त्यामागून येणाऱ्या पैशात, आणि तो जुना आहे. १९७६ मध्ये एबीए ही एनबीएची प्रतिस्पर्धी लीग बंद पडल्यावर पेसर्स, स्पर्स, नगेट्स आणि नेट्स एनबीएत आले तेव्हा प्रत्येकी ३२ लाख डॉलर प्रवेश फी भरली आणि वर पहिली काही वर्षं टीव्हीच्या पैशात वाटा नाही. पुढच्याच वर्षी पेसर्स विकली जायची वेळ आली, तर कोच स्लिक लिओनर्ड आणि त्यांच्या बायको नॅन्सी यांनी टेलिथॉन केला, म्हणजे टीव्हीवर तासन्‌तास कार्यक्रम करून लोकांना आवाहन केलं, ८,००० सीझन तिकिटं विकली तरच टीम शहरात राहणार होती, आणि लोकांनी ती घेतली. हे वाचल्यापासून त्या टीमकडे बघायची माझी नजर बदलली. आता राष्ट्रीय टीव्हीचे पैसे सगळ्यांना सारखे मिळतात, सॅलरी कॅप (खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा) आहे, २०१९ ते २०२५ सात वेगळे चॅम्पियन झाले, हे सगळं मान्य. पण स्थानिक टीव्हीचे पैसे लॉस एंजेलिसला वेगळे नि इंडियानापोलिसला वेगळे.

आणि बास्केटबॉल? बाप रे. १० जिंकल्या १५ हरल्या अशी सुरुवात, शेवट ५०-३२. प्लेऑफमध्ये ६४ मॅच जिंकलेल्या क्लीव्हलंडला पाचांत संपवलं, निक्सला सहात. फायनलच्या पहिल्या मॅचला ०.३ सेकंद राहिलेले असताना आपला स्टार हॅलिबर्टनचा शॉट, १११-११०, मी इतका जोरात ओरडलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली. आणि त्याच दिवसांत बाहेर चर्चा कसली, तर ओक्लाहोमा नि इंडियानाची फायनल कोण बघणार. अरे आम्ही बघतोय ना!

सातव्या मॅचला हॅलिबर्टनचा अकिलीस, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध, पहिल्याच क्वार्टरमध्ये तुटला. तो जमिनीवर हात आपटत होता आणि मी टीव्हीसमोर उभा. १०३-९१ हरलो. जुलै २०२५ मध्ये पेसर्सचा माइल्स टर्नर दहा सीझननंतर मिलवॉकीला गेला. मिलवॉकीही छोटंच शहर, त्यामुळे इथे मोठ्या शहराला बोल लावता येत नाही, पण दुखलं.

हॅलिबर्टन २०२५-२६ चा अख्खा सीझन खेळणार नाही असं जाहीर झालं होतं. तरी पास रिन्यू केला. त्या सीझनची पेसर्सची पहिली मॅच घरीच, पुन्हा ओक्लाहोमाशी होती, दादालाही पहाटे उठवायचं ठरवलं.