ट्रक चार्जिंगच्या नियोजनासाठी ओपनडीएसएस: फुकट आहे, पण डीफॉल्ट तपासून घ्या

इलेक्ट्रिक ट्रकांच्या डेपोला किती क्षमतेचा वीजजोड लागेल, हे काढून देणं हे माझं काम. त्यासाठी सगळ्यात जास्त उघडलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे ओपनडीएसएस: वीजवितरणाच्या जाळ्याचं गणित मांडून सोडवणारं. अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटने ते 2008 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. मूळ गाभा 1997 चा. दिसतंही त्याच काळातलं. मजकुराची एक खिडकी, तिच्यात ओळीओळीने फीडर (उपकेंद्रातून निघून ग्राहकांपर्यंत वीज नेणारी वाहिनी), ट्रान्सफॉर्मर आणि लोड लिहायचे आणि 'सॉल्व्ह' म्हणायचं. नकाशावर टिचकी मारून चार्जर ठेवायची सवय असेल तर सुरुवातीला चिडचिड होणार, हे आधीच सांगते.

तरी मी ते सोडत नाही, कारण ते अख्ख्या दिवसाचं, हवं तर अख्ख्या वर्षाचं गणित टप्प्याटप्प्याने सोडवतं. ट्रकांच्या बाबतीत सगळी मेख तिथेच आहे. समजा 20 ट्रक आहेत आणि प्रत्येकाला 150 किलोवॅटचा चार्जर. पाट्यांवरच्या आकड्यांची बेरीज केली तर 3 मेगावॅट होतात, आणि बरेचसे अर्ज ह्याच बेरजेवर भरले जातात. आता ट्रक दिवसाला 300 किलोमीटर धावतो आणि किलोमीटरला 1.2 युनिट खातो असं धरा. एका ट्रकाला 360 युनिट, वीस ट्रकांना 7200. रात्री दहा तास ते उभेच असतील तर सरासरी 720 किलोवॅट पडतात, चार्जिंगमधली गळती धरून 800. म्हणजे 3 मेगावॅटचा ट्रान्सफॉर्मर आणि 800 किलोवॅटचा ट्रान्सफॉर्मर ह्यांच्यातला फरक ट्रक कधी येतात, कधी निघतात आणि चार्जर आपसात लोड वाटून घेतात की नाही, एवढ्यावर ठरतो.

ओपनडीएसएसमध्ये हे 'लोडशेप' म्हणून, म्हणजे कुठल्या वेळी किती भार ह्याचा तक्ता म्हणून, घालता येतं. रात्री सगळे एकदम जोडले तर काय, वाटून जोडले तर काय, चार ट्रक उशिरा आले तर काय, हे तीन लोडशेप एकाच फीडरवर चालवायला काही मिनिटं पुरतात. पायथॉनमधून चालवलं तर शंभर शक्यता एका बैठकीत होतात.

हमरस्त्यावरच्या चार्जिंगची गोष्ट वेगळी. तिथे ट्रक रात्रभर थांबत नाही. युरोपात चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. ताशी 80 ने तेवढ्या वेळात 360 किलोमीटर झाले, म्हणजे 432 युनिट पाऊण तासात भरायचे: 576 किलोवॅट, एका ट्रकाला. मेगावॅट चार्जिंग प्रणाली ह्या अवजड वाहनांसाठीच्या चार्जिंग मानकाची कमाल मर्यादा तर 1250 व्होल्ट आणि 3000 अँपिअर, म्हणजे 3.75 मेगावॅट आहे.

इथे ओपनडीएसएसची पहिली खोड लक्षात ठेवायची. दिवसभराचं गणित करणारा 'डेली' मोड, वेगळं सांगितलं नाही तर, तासातासाने चालतो. पाऊण तासाचं चार्जिंग तासाच्या सरासरीत विरघळतं आणि 576 किलोवॅटचे कागदावर 432 दिसतात. स्टेपसाइझ, म्हणजे गणिताच्या एका टप्प्याचा वेळ, पंधरा मिनिटांवर आणा, मेगावॅट चार्जरसाठी एका मिनिटावर.

दुसरी खोड जास्त घातक. चार्जर हा स्थिर पॉवरचा लोड: दाब (व्होल्टेज) पडला की तो करंट वाढवून पॉवर तेवढीच ओढतो, मग दाब आणखी पडतो. पण लोडच्या व्याख्येत 'व्हीमिनपीयू' नावाची एक मर्यादा असते, डीफॉल्ट 0.95, म्हणजे ठरलेल्या दाबाच्या 95 टक्के. दाब त्याखाली गेला की सॉफ्टवेअर लोडला स्थिर पॉवरचा ठेवत नाही, दाबाबरोबर तोही उतरतो. उत्तर लवकर जुळावं म्हणून केलेली ही सोय आहे. परिणाम असा, की 1000 किलोवॅटचा चार्जर 0.90 दाबाला सुमारे 900 च ओढताना दिसतो. म्हणजे जिथे फीडर सगळ्यात अशक्त, नेमकं तिथेच निकाल सौम्य. चार्जरच्या माहितीपत्रकात तो किती दाबापर्यंत पूर्ण पॉवर देतो ते बघा आणि तोच आकडा तिथे घाला.

वारंवारतेचंही तसंच. डीफॉल्ट 60 हर्ट्झ. 50 हर्ट्झच्या जाळ्यासाठी पहिल्याच ओळीत बदललं नाही, तर पाचवा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पाचपट वारंवारतेची लहर) 250 ऐवजी 300 हर्ट्झवर जाऊन बसतो. हार्मोनिक्स मोड स्वतः चांगला आहे. मात्र त्यातला तयार स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला हार्मोनिक किती ह्याची यादी, तुमच्या चार्जरचा नसतो. उत्पादकाकडून मोजलेले आकडे मागून घ्या.

बॅटरीसाठी 'स्टोरेज' आणि त्याचा कंट्रोलर आहे, आणि हे मला ह्या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात कामाचं वाटतं. 'पीकशेव्ह' निवडून किलोवॅटची मर्यादा द्यायची. तिच्यावरचा भार बॅटरी उचलते. लागोपाठ ट्रक आले की बॅटरी कुठल्या ट्रकाला रिकामी पडते, तेही दिसतं. बॅटरीच्या विक्रेत्याला हा आलेख दाखवला की चर्चा एकदम मुद्द्यावर येते.

काय नाही तेही सांगते. सगळ्यात स्वस्त पर्याय ते शोधून देत नाही, पर्याय आपणच मांडायचे. ट्रान्सफॉर्मरवर किती भार आला ते कळतं. पण रात्रभर त्या भारावर आतली वाइंडिंग किती तापली, हे मी वेगळं काढते. आणि ट्रकांच्या वेळा त्याला कुठून कळणार? त्यासाठी वाहतूक पाहणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून त्याची वही चाळावी लागते. पूर्ण पायथॉनमध्येच काम करायचं असेल आणि तिन्ही फेज समतोल धरून चालणार असेल, तर पँडापॉवर हे पायथॉनमधलं तशाच कामाचं फुकट साधन जास्त सुटसुटीत आहे. लांबच्या, असमतोल फीडरवर मात्र मी ओपनडीएसएसकडेच वळते.

उतरवून घेतल्यावर सोबत आयईईई ह्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे नमुना फीडर मिळतात. त्यातला 34 बसचा (बस म्हणजे जाळ्यातला जोडणीचा बिंदू) घ्या. लांबलचक आहे आणि एकूण लोड पावणेदोन मेगावॅटच्या आसपास. त्याच्या शेपटाजवळ 500 किलोवॅटचा एक चार्जर जोडा. एकदा व्हीमिनपीयू 0.95 ठेवून चालवा, एकदा 0.80 करून, आणि दोन्ही वेळचे दाब शेजारी ठेवून बघा.